सोन्याचं मांजर, गोणपाटाचं पोतं

मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे मराठी घरातल्या पोराला बाराखडीच्या आधी कळतं. ते मांजर किती तोळ्यांचं असावं, बसलेलं असावं की उभं, शेपूट भरीव हवी की पोकळ चालेल, हे मात्र कोणी सांगत नाही. आम्ही लहानपणी विचारलं तेव्हा ‘गप्प बस’ एवढाच शास्त्रार्थ मिळाला. पण धाक बसला तो बसलाच. सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेल्यापासून तर तो आणखी घट्ट झाला आहे. महाराष्ट्रात मांजराच्या जिवाला जे काही संरक्षण आहे त्यात प्राणिमित्रांइतकाच सराफ बाजाराचाही वाटा आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

मूळ शास्त्र म्हणाल तर ते भलतंच आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घोरपड, घुबड आणि कावळा मारणाऱ्याला शूद्राच्या हत्येचं प्रायश्चित्त सांगितलं आहे. हे वाचून ‘बघा, आपल्याकडे मांजराला केवढा मान होता’ असं कोणी कौतुकानं म्हणायला लागलं तर त्याला तिथंच थांबवावं. त्या श्लोकात मांजराची किंमत कळत नाही, माणसाची कळते. पुढच्याच श्लोकात सोपा पर्यायही आहे: तीन दिवस दूध पिऊन राहावं. म्हणजे मांजर मारायचं आणि वर त्याच्या वाटणीचं दूधही आपणच प्यायचं. या सगळ्यात सोनं कुठंच नाही. ती भर मागाहून कोणीतरी घातली, आणि ज्यानं घातली त्याला पापभीरू माणसाचा खिसा नीट ठाऊक होता.

या धाकामुळे सज्जन कुटुंबांपुढे मोठाच पेच पडतो. मांजर नको आहे. ते दुधाला तोंड लावतं, वाळवणात लोळतं, पाहुण्यांच्या गादीवर नको ते करतं. पण मारायचं नाही, कारण मारणाऱ्यातले आपण नव्हेत. ठेवायचंही नाही. मग ते लांब कुठंतरी सोडून यायचं, म्हणजे पुढे जे होईल ते होईल आणि आपल्याला दिसणार नाही. आपल्याकडची मांजरनीती एवढ्यावर उभी आहे. मांजराचं काय होतं हा प्रश्न त्यात नसतोच. आपल्या डोळ्यांदेखत काय होत नाही, एवढंच बघायचं असतं.

या कामाला प्रत्येक घरात एक ठरलेला माणूस असतो. बहुधा बिनलग्नाचा काका, नाहीतर निकालाची वाट बघत बसलेला मुलगा. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात नाना होते. नाना टपाल खात्यात होते, त्यामुळे कुठलीही वस्तू इथून उचलून तिथं नेऊन टाकायची म्हटलं की सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळत. आज्जी रात्री जेवताना सहज विचारल्यासारखं करायची, “नाना, उद्या सुट्टी ना रे तुला?” की मनी ताटाजवळून उठून थेट माळ्यावर. आमच्याकडच्या सगळ्या मांजरींचं नाव मनीच असे. एक गेली की दुसरी त्याच नावानं कामावर रुजू व्हायची.

मोहिमेचं सामान ठरलेलं: तांदळाचं रिकामं पोतं, सुतळी, जुना पंचा आणि सुकटीची पुडी. घर शाकाहारी, त्यामुळे सुकट खालच्या बिऱ्हाडातून उसनी यायची आणि आज्जी ती पुडी सांडशीत धरून नानांच्या हाती सोपवायची. एका जिवाला देशोधडीला लावताना सोवळं मोडता कामा नये, यावर तिचा कटाक्ष. मग नाना पुडी उघडून “मने, ये गं माझी बाई, ये गं माझी राणी” अशा काही आवाजात हाका मारत की आम्ही पोरं चकित व्हायचो. एवढ्या गोड आवाजात नाना एरवी कोणाशीच बोलत नसत. बोलले असते तर कदाचित बिनलग्नाचे राहिले नसते.

मांजराला चार पाय असतात हे त्याला पोत्यात घालायची वेळ येईपर्यंतच खरं असतं. नंतर ते आठ होतात. नानांनी मागचे दोन आत घातले की पुढचे दोन पोत्याच्या तोंडाशी आडवे, पुढचे आवरले की मागचे नानांच्या सदऱ्यात. शेवटी पंचा डोक्यावरून टाकून, वरून सुतळी आवळून काम तडीस जायचं. मग नाना ते पोतं हातात धरून अंगणात स्वतःभोवती तीन गिरक्या घेत. मांजराला दिशा कळू नये म्हणून हा उपाय. गिरक्यांनंतर नाना तुळशीवृंदावनाचा आधार घेऊन थोडा वेळ उभे राहत. पोत्यातून मात्र आवाज नसे.

एकदा मी सायकलच्या कॅरिअरवर बसून त्यांच्याबरोबर गेलो होतो. पोतं हँडलला टांगलेलं. गल्लीच्या तोंडाशी पोचतो न पोचतो तोच एक काळं मांजर डावीकडून उजवीकडे गेलं. नानांनी करकचून ब्रेक दाबला आणि पाय टेकले. “आडवं गेलं रे,” ते म्हणाले. आता कोणीतरी पुढे गेल्याशिवाय जायचं नाही. मागून एक गृहस्थ सायकलवरून आले. त्यांनीही ते मांजर पाहिलं होतं, तेही थांबले. “व्हा पुढे,” नाना म्हणाले. “छे, छे, आपण आधी आलात,” ते म्हणाले. पेठेत एवढा विनय सहसा आढळत नाही. इकडे बाहेरच्या मांजराचा वास लागल्यामुळे पोत्यातली मनी खालच्या पट्टीत गुरगुरू लागली आणि पोतं झोके घेऊ लागलं. रस्ता ओलांडणारं मांजर अशुभ हे नक्की होतं. हँडलला टांगलेल्या मांजराबद्दल शास्त्र गप्प होतं. शेवटी एक दूधवाला खाली बघत निघून गेला आणि त्याच्या माथी आमचा अपशकुन मारून आम्ही मार्गस्थ झालो.

पाणी ओलांडून सोडलं की मांजराला माग लागत नाही, हा या शास्त्रातला दुसरा सिद्धांत. म्हणून लकडी पूल. सिद्धांत मांडणाऱ्यानं मुठा नदी उन्हाळ्यात पाहिलेली नसावी. तिच्यात पाणी कमी आणि जलपर्णी जास्त. मांजराला पुलाचीसुद्धा गरज पडू नये. आणि मुख्य म्हणजे ज्या सकाळी आम्ही पेठेतली मांजर डेक्कनला नेत होतो, त्याच सकाळी डेक्कनचा कोणीतरी नाना त्यांची मांजर पेठेत आणत असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आमच्या वाड्यात महिन्याकाठी एखादं अनोळखी मांजर कुठून उगवायचं याचं दुसरं स्पष्टीकरण मला अजून सापडलेलं नाही.

मनी दोन-तीन दिवसांत परत आली. खंगलेली, एका कानाला ओरखडा, पण चालण्यात घाई नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर नेहमीच्या जागी येऊन बसली. आज्जीनं आधी वाटीत दूध ओतलं आणि मग नानांवर तोफ डागली, “काय रे मेल्या, एवढ्या उन्हात सोडतात का मुक्या जनावराला?” नाना आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी उत्तर देणार होते, पण तेवढ्यात आज्जीनं त्यांनाही ताक दिलं.

ज्या गोष्टी आम्हाला सदाशिव पेठेत फुकट कळत होत्या त्यांच्यावर परदेशात रीतसर संशोधन झालं आहे. फ्रान्सिस हेरिक नावाच्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानं 1922 साली मांजराच्या घरी परतण्यावर लेख लिहिला. त्यानं पिल्लं असलेल्या एका मांजरीला घरापासून एक ते चार मैलांवर नेऊन सोडलं. ती येत राहिली. पुढे 1954 साली जर्मनीत कीलच्या संशोधकांनी मांजरांना बंद पेट्यांमधून, मुद्दाम आडवळणं घेत नेलं आणि बाहेर पडायच्या अनेक वाटा असलेल्या एका गोल भुलभुलैयात सोडलं. बऱ्याच मांजरांनी घराच्या बाजूचीच वाट धरली. अंतर वाढलं तसा अंदाज चुकू लागला. म्हणजे नानांच्या गिरक्यांनी चक्कर येते ती फक्त नानांना, हे विज्ञानाला मान्य आहे. तरीही आजसुद्धा मांजर सोडायला निघालेली माणसं गाडीच्या डिकीत ठेवलेलं खोकं आधी तीनदा फिरवतात. गाडी बदलली, वाट तीच.

नदीपलीकडचा प्रयोग फसल्यावर पुढचा विचार ‘तिचं कल्याण कशात आहे’ या अंगानं सुरू होतो. सोडणारं कुटुंब या टप्प्यावर फार हळवं होतं. देवळात सोडलं तर प्रसादाचं मिळेल. कॉलेजच्या मेसमागे सोडलं तर पोरं घालतील काहीबाही. इस्पितळाच्या कॅन्टीनपाशी सोडलं तर निदान वैद्यकीय सोय जवळ. आणि सर्वोत्तम जागा, जिच्यावर अख्ख्या महाराष्ट्राचं एकमत आहे, ती म्हणजे मासळी बाजार. तिथं मांजराला स्वर्गच, असं ज्यांनी आयुष्यात मासळी बाजारात पाऊल टाकलेलं नाही ते छातीठोकपणे सांगतात. आमच्याकडे हे सांगणारी आज्जी होती.

म्हणून नाना पहाटे गणेश पेठेतल्या बाजारात गेले. ओली फरशी, बर्फाचे तुकडे, टोपल्या उतरवणारी माणसं, आणि प्रत्येक फळकुटाखाली एक, अशी आधीच मुक्काम ठोकून बसलेली मांजरं. त्यातला एक बोका तर असा की त्याचं डोकं नारळाएवढं आणि एक डोळा कायमचा मिटलेला. नानांनी पोतं खाली ठेवून सुतळीला हात घातला तोच कोळंबी सोलणाऱ्या मावशींनी मान वर केली. “दादा,” त्या म्हणाल्या, “सोडताय ते सोडा, पन आधी ज्यांनी सोडली त्यांची घेऊन जा.” नानांना उत्तर सुचेना. मावशींनी कोयता हातात धरूनच पुढे सांगितलं की घरातलं मांजर इथं आठवडाभर टिकत नाही. बोके फाडतात, नाहीतर टेम्पोखाली जातं. हिशोब असा सरळ मांडणारी माणसं मासळी बाजारात भेटतात, घरात नाही. नाना पोतं घेऊन परत आले आणि घरी म्हणाले, “आज बाजार बंद होता.” घरात कोणी खोदून विचारलं नाही. तशीही आमच्याकडे मासळी बाजाराच्या सुट्ट्या कोणाला पाठ नव्हत्या.

पिल्लांचा विषय निघाला की मात्र विनोद जरा अडखळतो. मांजर व्यायली की पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. आमच्याकडे ती सातही घरं एकाच बिऱ्हाडातली असत. एकदा थोरल्या काकूच्या लग्नातल्या शालूवर, एकदा सतरंज्यांच्या ढिगात, एकदा गणपतीच्या मखराच्या खोक्यात. मग घरात वाद सुरू होई: पिल्लं डोळे उघडायच्या आत सोडायची की उघडल्यावर? एक पक्ष म्हणे, आत सोडा, म्हणजे वाट कळणार नाही आणि आपल्यालाही माया लागणार नाही. दुसरा पक्ष म्हणे, छे, डोळे उघडू देत, म्हणजे आपलं आपण शोधून खातील. दोन्ही पक्ष भूतदयेच्या बाजूनं बोलत होते. मांजराच्या पिल्लाचे डोळे आठवडा-दहा दिवसांत उघडतात. आईवेगळं ते त्या वयात दर दोन-तीन तासांनी पाजल्याशिवाय जगत नाही. डोळे मिटलेलं असो की उघडलेलं, खोक्यातून रस्त्याकडेला ठेवलेल्या पिल्लाला काहीच शोधून खाता येत नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच खोकं ठेवून परतताना मागे वळून बघायचं नाही असाही एक नियम होता, आणि त्या नियमाला म्हणे शास्त्राधार होता.

कायद्याकडे जावं तर तिथं करमणूक आहे. 1960 चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आला तो रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या खटपटीमुळे. भरतनाट्यमला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या याच बाई राज्यसभेत मुक्या जनावरांसाठीही उभ्या राहिल्या. त्या कायद्याच्या कलम 11 प्रमाणे, उपासमार किंवा तहान सोसावी लागेल अशा स्थितीत जनावर टाकून देणं हा गुन्हा आहे. त्याला त्रास होईल अशा रीतीनं नेणंही गुन्हा, म्हणजे पोतंही आलं. पहिल्या गुन्ह्याला दंड किमान दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. 1960 साली दहा रुपयांना वजन होतं. आज मांजर सोडायला रिक्षानं निघालात तर मीटर पडतानाच त्याहून जास्त होतात, तेव्हा गुन्ह्यात दंड हा सर्वांत स्वस्त भाग. नानांना हे मी मोठेपणी सांगितलं तेव्हा ते हिशोब करून म्हणाले, “म्हणजे पोतं महाग पडलं रे.” जिवानिशी मारलं किंवा अपंग केलं तर मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पूर्वीच्या दंडसंहितेत जनावराची किंमत दहा रुपये की पन्नास यावर शिक्षा ठरे. 2024 पासून तो भाव गेला. सोन्याचं मांजर त्या मानानं अजून महाग आहे, पण फरक कमी होत चालला आहे.

जनावरांच्या संरक्षणाच्या बाबतीत मुंबईची मांजरं जरा दुर्दैवीच. 1832 साली इंग्रजांनी भटकी कुत्री मारायला काढली तेव्हा मुंबईत पारशी बांधवांनी दंगल केली, बाजार बंद पाडले, आणि दोन वर्षांनी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकारानं पांजरापोळ उभं राहिलं. मांजरांसाठी मुंबईनं एक दगडही उचलल्याचं ऐकिवात नाही. परळला जनावरांचं भलंमोठं जुनं इस्पितळ आहे, तिथं मांजरांवर पिढ्यान्‌पिढ्या उपचार होतात, पण लालबाग-परळमध्ये त्याचं नाव काय, तर बैलघोडा. आमची आत्या टॅक्सीत मांडीवर टोपली घेऊन बसली आणि “बैलघोड्याला चला” म्हणाली, तेव्हा टॅक्सीवाल्यानं टोपलीकडे एकदा पाहून विचारलं, “दोघांतलं कोण आहे आत?”

आता वाडे गेले, सोसायट्या आल्या. नाना गेले आणि त्यांच्या जागी व्हॉट्सॲप ग्रुप आला. “गोड पिल्लू, दत्तक देणे आहे” असा फोटो टाकला की लाल बदामांचा पाऊस पडतो, ‘सो क्यूट’चा गजर होतो, आणि ‘तुम्ही नेता का’ विचारलं की मुलांच्या परीक्षा सुरू होतात. वार्षिक सर्वसाधारण सभेत पाण्याची टाकी आणि पार्किंग यांच्या मध्ये मांजर हा विषय येतो. जिन्यात घाण, गाडीच्या सीटवर ओरखडे, रात्री दोनला गच्चीवर बोक्यांचं गायन, या तक्रारींवर एकमत होतं. मग कोणीतरी विचारतं, “पण ही मांजर आहे कोणाची?” आणि सभागृहात टाचणी पडली तर ऐकू येईल.

कारण मांजर कोणाचीच नसते. “आमची नाही हो, ती येते,” असं सांगायची पद्धत आहे. ती येते, तिला बशी आहे, बशीला जागा आहे, थंडीत तिला जुन्या स्वेटरचं अंथरूण आहे, दिवाळीत फटाके वाजले की तिला बाथरूममध्ये कोंडून कुशीत घेणारं माणूस आहे, पण ती आमची नाही. तिनं उंदीर मारला त्या दिवशी पुरती आमची. शेजाऱ्यांच्या कुंडीत खड्डा केला की पुन्हा जगाची. पुणे महापालिकेनं 2022 मध्ये पाळीव मांजरांसाठी परवाना काढायचं ठरवलं, तेव्हा एका रात्रीत पुण्यातली निम्मी मांजरं बेवारस झाली असतील. ही आकडेवारी माझी आहे, ती कुठंही वापरू नये.

या अर्धवट नात्याचा शेवट बहुधा घरातल्या लेकीच्या बाळंतपणात होतो. लेक माहेरी यायची म्हटलं की आधी मांजर जाते. डॉक्टर एवढंच म्हणालेले असतात की गरोदरपणी मांजरीची घाण हातानं काढू नका, ते काम दुसऱ्याला सांगा, आणि मांस नीट शिजवूनच खा. टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा धोका कच्च्या मांसातून अधिक. घरी पोचेपर्यंत या सल्ल्यातलं मांस गळतं, हात गळतात, दुसरा माणूस गळतो आणि “डॉक्टरांनी मांजर काढायला सांगितलीय” एवढंच उरतं. वरून सासूबाईंचा फोन येतो की मांजर पाळण्यात उडी मारून बाळाचा श्वास ओढून घेते. याला उत्तर नाही. जावयांसमोर फुप्फुसांची रचना कोण काढणार?

आणि या सगळ्यावर जो साधा, एकदाच करायचा उपाय आहे त्याला आपल्याकडे पाप म्हणतात. मांजर सहा महिन्यांची व्हायच्या आतही गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते, पिल्लं पीत असतानाच पुन्हा राहू शकते, आणि वर्षाला दोन-तीन वेळा हा सोहळा करते. ऑपरेशन केलं की विषय मिटतो. मोठ्या शहरांत भटक्या मांजरांची ऑपरेशनं संस्थांमार्फत होतात. करून सोडलेल्या मांजराच्या कानाचं टोक खुणेसाठी कापलेलं असतं. ते पाहून आमची आत्या त्या संस्थेच्या मुलींना कसाई म्हणाली. “अगं, निसर्गाच्या विरुद्ध आहे ते,” असं तिचं म्हणणं. मी विचारलं, “आणि गोणपाटात घालून मासळी बाजारात नेणं?” आत्या म्हणाली, “ते वेगळं. ते लांब असतं.” सबंध विषयावर मी इतकी वर्षं जे ऐकत आलो त्यात इतकं खरं उत्तर दुसरं मिळालेलं नाही.

बोक्याचं ऑपरेशन म्हटलं की घरातले पुरुष आत्याच्या पक्षात जातात. मांजरीचं करा म्हणतात, पोट उघडावं लागलं तरी चालेल. बोक्याचं म्हणजे त्यामानानं किरकोळ काम, पोट उघडायचं नाही, दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या जेवायला हजर, शिवाय भिंतींवर फवारे मारायची सवयही कमी होते. पण नाही. माझ्या एका काकांनी पेपर खाली ठेवून, चष्मा काढून विचारलं, “त्याची संमती घेतलीत का?” काकांचा उमेदीचा काळ आणीबाणीतला, त्यामुळे नसबंदी या शब्दाला ते आजही जागच्या जागी दचकतात. योगायोग असा की सर्व सजीवांबद्दल दया बाळगणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य राज्यघटनेत आलं ते बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं, 1976 मध्ये, म्हणजे त्याच आणीबाणीत. माणसांना धरून नेऊन ऑपरेशनं चालली होती त्याच वर्षी जनावरांवर दया करायचं ठरलं. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेपर पुन्हा वर घेतला.

गेल्या वर्षी आमच्या भावाकडची मनी (क्रमांक विचारू नका) पुन्हा गाभण राहील अशी लक्षणं दिसली आणि वहिनीनं ठाम भूमिका घेतली. पोतं नाही, खोकं नाही, सरळ दवाखाना. आत्याचा विरोध चतुर्थी आणि एकादशी सोडून बाकी कुठलाही दिवस धरायच्या अटीवर मावळला. भाऊ, वहिनी, आत्या आणि जाळीच्या टोपलीत मनी, असं वऱ्हाड निघालं. दवाखान्यातल्या मुलीनं अर्ज पुढे केला. प्राण्याचं नाव, वय, रंग, इथवर सगळे उत्साहात सांगत होते; रंगावरून तर आत्या आणि भाऊ भांडले, एक तपकिरी म्हणे, एक बदामी. मग मुलीनं विचारलं, “मालकाचं नाव?”

“मालक असं नाही,” भाऊ म्हणाला. “ती येते आमच्याकडे.”

“मग सही कोण करणार? भूल द्यायची तर सही लागते.”

भावानं वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, “अहो, मी आणलीय, सही तुम्ही करा.” भाऊ म्हणाला, “आत्या, तू मोठी आहेस.” आत्यानं पदर सावरत सांगितलं की या वयात तिला मांजराचं पाप डोक्यावर नको, आधीच गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय. टोपलीतून मनी आळीपाळीनं तिघांकडे बघत होती. मागे रांगेत एक लॅब्राडोर, दोन पोपट आणि त्यांचे मालक ताटकळले होते. त्या सगळ्यांची नावं, पत्ते आणि सह्या तयार होत्या.

शेवटी भावानं पेन उचललं आणि मालकाच्या रकान्यात वरच्या मजल्यावरच्या काकांचं नाव लिहिलं, मोबाइल नंबरासकट. कारण सकाळची पहिली बशी ते घालतात, असं त्याचं समर्थन. ऑपरेशन व्यवस्थित झालं, मनी दुसऱ्या दिवशी सोफ्यावर होती. काकांना मात्र तेव्हापासून मेसेज येतात, “आपल्या मनीच्या लसीची तारीख जवळ आली आहे.” काकूंनी विचारलं की ही मनी कोण. काकांनी खरंच माहीत नाही असं सांगितलं, आणि चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच ते खरं बोलत असूनही काकूंचा विश्वास बसलेला नाही. भाऊ खुलासा करायला वर जाणार आहे म्हणे. पण गेला तर लसीचे पैसे कोणी द्यायचे तेही निघेल, म्हणून अजून गेलेला नाही.